जानवसातल्या वाकळा

"हुंग," सर्जेरावकाका म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरची वाकळ तात्यांच्या पायाशी आपटली. "तू नवरीचा बाप हायस. तूच हुंग आन सांग मला, कसला वास येतोय त्यो."

तात्या मांडवात केळीचा खुंट बांधत होते. सुतळी दातात तशीच धरून त्यांनी वाकळ उचलली, नाकाला लावली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग सुतळी काढून म्हणाले, "कसला वास? काय न्हाई."

"मग त्या पावण्यांस्नी कसला येतोय?"

दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं. वऱ्हाड सकाळीच ट्रकनं आलं होतं, पार माणदेशातून. त्यांनी आणलेली उष्टी हळद मला लागली होती आणि मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, हिरव्या चुड्याचे हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसले होते. वऱ्हाडाचं जानवस गावच्या शाळेत होतं. जेवणं झाली, प्रवासानं शिणलेली माणसं जरा आडवी झाली, आणि वाकळा अंगावर घेतल्याबरोबर बायका नाकाला पदर लावून अंगणात येऊन बसल्या. सर्जेरावकाका तात्यांचे चुलत भाऊ. पाहुण्यांना काय हवं-नको बघायला म्हणून गेले होते, ते असे तांबडेलाल होऊन परत आले होते.

"म्हंत्यात, कुबट वास मारतोय. असल्यात आमी निजायचं न्हाय. सांजच्या आत दुसरी पांघरुणं द्या, न्हाईतर ट्रक वळवतो."

"कोन म्हनलं असं?"

"विहीणबाई. दुसरं कोन?"

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि गावात कुणाचंही लग्न निघालं की पाहुण्यांच्या पांघरुणांची जबाबदारी भावकीची. प्रत्येक घरातून एक-दोन वाकळा यायच्या, त्याही घरातल्या सगळ्यात चांगल्या. रोजची, विटकी, ठिगळांची कुणी देत नसे. कुठली कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येक घराची कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण असायची. म्हणजे जानवसातल्या वाकळांना नाव ठेवलं तर ते एकट्या तात्यांना ठेवलेलं होत नव्हतं. अख्ख्या गावाच्या ट्रंकांना ते होतं.

मांडवातल्या सगळ्यांनी ती वाकळ हुंगली. एकानं मध्ये हुंगली, एकानं कडेला. हौसाआत्यानं तर आतून-बाहेरून हुंगली. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. माझी आई मी लहान असताना गेली तेव्हापासून आमचं घर तिच्याच हातात होतं.

"साबनाचा येतोय जरा," आत्या निवाडा देत म्हणाली. "बाकी काय न्हाई."

"त्यांस्नी निमित्त पायजेल," कुणीतरी म्हणालं. "काय तरी खोट काढायची म्हून काढल्याली."

"आमच्या घरची वाकळ हाय ती," सर्जेरावकाका म्हणाले. "दोन वर्सं झाली शिवून. अंगाला लागली न्हाई कुणाच्या. पावण्यांसाठीच ठेवल्याली. आन त्या बाईनं ती दोन बोटांत धरून मला दावली, मेल्या उंदरासारखी."

मी गप्प बसायला हवं होतं. नवरीनं बोलायचा तो दिवस नव्हे. पण सगळा मांडव खोट्याची शपथ घेतल्यासारखा मान हलवत होता, आणि मला तो वास माझ्या जागेवरून येत होता.

"तात्या," मी म्हणाले, "वास येतोय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तात्यांच्या हातात वाकळ तशीच होती.

"तुला बी?"

"व्हय. कुबट येतोय. सगळ्याच वाकळांना येत असणार."

तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तात्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "अजून अक्षता पडायच्यात, पोरी," ते म्हणाले. "तवर तिकडची झालीस?"

आणि ते पुन्हा केळीच्या खुंटाकडे वळले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

सर्जेरावकाकांनी आपली वाकळ उचलली. "माझ्या घरची मी न्हेली," ते म्हणाले. "बाकीच्यांनी बी शाळंत जाऊन आपापली आणावी. ज्यांस्नी वास येतोय त्यांनी उघडं निजावं." माणसं उठायला लागली. मार्गशीर्ष होता. आमच्या खोऱ्यात मार्गशीर्षाची थंडी हाडात शिरते, आणि पाहुण्यांत लेकुरवाळ्या बाया होत्या, म्हातारी माणसं होती.

"आरं, पावण्यांच्या अंगावर काय घालशील मग?" आत्यानं तात्यांना विचारलं.

"जायाचं आसंल तर जाऊ दे त्यांस्नी."

"आन पोरगी?"

"पोरगी घरात ऱ्हाईल."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. अंगाला हळद लागलेली मुलगी आणि दारातून परत गेलेलं वऱ्हाड. त्या मुलीचं पुढं काय होतं ते आमच्या गावानं एकदा पाहिलं होतं, आणि ती मुलगी म्हणजे खुद्द हौसाआत्या होती. तिचं पुन्हा लग्न जमलं, पण जसं जमायला नको तसं जमलं, आणि वर्षाच्या आत ती भावाच्या दारात परत आली ती कायमची.

मला मात्र हे लग्न हवं होतं. आता या वयात लाजायचं काय? मुलाचं नाव जयसिंग. आता नाव घेते, तेव्हा घेत नव्हते. मी माणदेशातल्या दहिवडीला मामाकडे शिकायला राहिले होते, कारण आमच्या खोऱ्यात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. मामाच्या दुकानात पेंडीची पोती न्यायला तो यायचा आणि पोतं खांद्यावर घेऊन दारात उगाचच थांबायचा. पुढे मामानंच स्थळ आणलं. तर मला तो हवा होता, आणि तात्यांनी माझ्याशी बोलायलाही हवं होतं. त्या दुपारी दोन्ही गोष्टी एकदम हातातून निसटत होत्या, त्याही वाकळांच्या वासापायी.

वास होताच, त्यात खोटं काही नव्हतं. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस एकदा बसला की दसऱ्यापर्यंत धड उठत नाही. भिंती ओल्या, जमीन ओली, मीठ तर पाण्यासारखं. रोज वापरातल्या वाकळा चुलीवरच्या दांडीवर असतात, त्यांना फार तर धुराचा वास. पण पाहुण्यांसाठी राखलेल्या चांगल्या वाकळा पावसाळाभर ट्रंकेत. ती ट्रंक कुणी उघडत नाही, चांगली वस्तू वाऱ्यावर कशाला टाका म्हणून. आणि जन्मभर त्याच ओलीत राहिलेल्या नाकाला तो वास कळत नाही. पाहुण्यांना तो कळला, कारण त्यांच्याकडे पाऊस बघायला माणसं घराबाहेर येतात.

"आत्या," मी म्हणाले, "आपल्या रोजच्या वाकळा देऊया का?"

"ठिगळांच्या? जानवसात?" आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच मिटला.

"मग त्यांची एक वाकळ मागून आण. म्हाताऱ्या माणसांनी घरनं आणली असंलच की. ती हुंगल्याबिगर आपल्या बायांना फरक कळायचा न्हाई."

"मी? त्या बाईच्या दारात? मरंन पर जाणार न्हाई."

"मग मी जाते."

हळद लागलेली नवरी मांडवाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. लागीर होतं म्हणतात, नजर लागते म्हणतात, आणखी पुष्कळ काय काय म्हणतात. मी उठले. आत्या दोन्ही हात पसरून दारात आडवी झाली, मग माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाली, आत गेली आणि अडकित्ता घेऊन आली. "हातात लोखंड धर," ती म्हणाली. "आन माझ्या म्होरं पळू नकोस." मरेन पण जाणार नाही म्हणणारी बाई माझ्या मागोमाग निघाली. मांडवात तात्या होते. त्यांनी मला अडवलं नाही, बोलावलंही नाही.

शाळेच्या अंगणात आमच्या गावच्या वाकळांचा ढीग पडला होता. पाहुण्या बायका व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मधोमध गजराबाई, माझी होणारी सासू. उंच, उन्हानं रापलेली, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधीच खाली बसावं.

"अगं आई गं!" ती उठून उभी राहिली. "हळदीची नवरी हिकडं कशी? काय शिस्त हाय का न्हाय तुमच्यात?"

"तुमच्या घरचं एक पांघरूण द्या," मी म्हणाले. अडकित्ता मुठीत घट्ट धरला होता, त्यामुळे भीक मागायला आले आहे की मारामारी करायला, ते कुणाला कळेना.

"कशापायी?"

"आमच्या बायांना हुंगायला. त्यांना वास येत न्हाई. खोटं बोलत न्हाईत त्या, खरंच येत न्हाई."

"आन तुला?"

"मला येतो."

गजराबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "येतो म्हन्तीस? बापाम्होरं बी म्हनलीस?"

"म्हनलं."

"मग मी बी खरं सांगती. तुला बघाया आलो तवा तुझ्या लुगड्याला बी ह्योच वास व्हता. मी घरी जाता जाताच जयसिंगाला म्हनलं, पोरगी चांगली हाय, पर कुबट वास मारती."

मागच्या बायकांत खसखस पिकली. हौसाआत्याचा श्वास मला मानेवर जाणवला. माझं तोंड हळदीच्या खाली तापलं. जयसिंग व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता, कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू टोचलेली कट्यार, आणि नजर आपल्या पायांच्या अंगठ्यांवर. त्यानं आत्ता काही बोलावं असं मला फार वाटलं.

"मग ते काय म्हनले?" मी गजराबाईलाच विचारलं.

"त्यो? त्यो काय म्हनतोय! म्हनला, पावसातली हाय, वाळंल."

आता सगळा व्हरांडा हसला. खांबाला टेकलेला नवरदेव कानापर्यंत लाल झाला. मला राग आला होता, खरंच आला होता, पण ओठ माझं ऐकेनात. हौसाआत्याही पदरात तोंड घालून हसली, आणि हसल्याबद्दल लगेच मला पाठीत एक चिमटा काढला.

गजराबाई आत गेली आणि आपली वाकळ घेऊन आली. तिच्या घरची, जाड टाक्यांची, मातकट रंगाची. "ही न्हे," ती म्हणाली. "पर सांजच्या आत काय ते कर. लेकरं हैत माझ्यासंगं. बोलले ते बोलले, मी ट्रक वळवीन."

परत आले तेव्हा मांडवात भावकीतल्या बायका जमल्या होत्या आणि हातवारे करून बोलत होत्या. मला बाहेरून येताना बघून बोलणं थांबलं. मी त्यांच्यासमोर दोन वाकळा टाकल्या, एक गजराबाईची आणि एक आमची.

"आधी ही हुंगा," मी म्हणाले. "मग आपली."

कुणी पुढं येईना. सर्जेरावकाकांची बायको आनसाकाकू तोंड वाकडं करून म्हणाली, "आता सासरच्या वाकळंची आरती बी करायची का?"

तेव्हा मला ते सांगावं लागलं. सांगायचं मनात नव्हतं. "काकू, मी दहिवडीला पहिल्यांदा शाळेत गेले ना," मी म्हणाले, "तवा बाकावरची पोरगी सरकून बसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोरीशेजारी बसले, ती बी सरकली. मला कळंचना. मग मामीनं माझी सगळी कापडं, आंथरूण, पांघरूण गच्चीवर उन्हात टाकलं. बरेच दिस टाकत होती ती. पुढं दिवाळीला मी हितं घरी आले आन ट्रंकंतली वाकळ डोक्यावर घेतली, आन मग मला कळलं, त्या पोरी का सरकत हुत्या."

तात्या केळीच्या खुंटामागे होते. त्यांचे हात सुतळीवर थांबलेले मला दिसले.

आनसाकाकू पुढं आली. तिनं गजराबाईची वाकळ तोंडावर घेतली, बराच वेळ धरली. मग आमची घेतली.

"अगं बया!" ती म्हणाली आणि तिनं वाकळ दूर फेकली. "अगं बया बया बया!"

मग मात्र झुंबड उडाली. ज्या बायका जाग्यावरून हलत नव्हत्या त्या एकमेकींच्या हातातून वाकळा ओढून हुंगायला लागल्या. एक म्हणाली, ह्यात चिखलाचा वास येतोय. दुसरी म्हणाली, चिखलाचा न्हवं, भिजल्या कुत्र्याचा. आत्यानं सगळ्यात शेवटी हुंगली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढी वर्सं आपण पावण्यांस्नी ह्यात निजवलं?" तिनं विचारलं.

धुवायचा प्रश्नच नव्हता. धुतलेली वाकळ त्या थंडीत दोन दिवस वाळली नसती. ऊन हवं होतं, आणि आमच्या गावात ऊन तिसऱ्या प्रहरालाच डोंगराआड जातं. पण गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे वरचं उघडं पठार, नुसता काळा कातळ. तिथं ऊन मावळतीपर्यंत राहतं आणि दुपारी तो कातळ असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही.

बायकांनी शाळेतल्या वाकळांच्या वळकट्या करून डोक्यावर घेतल्या, आनसाकाकूनं आपली घरी गेलेली वाकळही परत आणली, आणि सगळ्यांनी चढण धरली. मी एकदा बाहेर पडलेच होते, तेव्हा आता मला घरात बसवायला कुणी फारसं झटलं नाही. आत्यानं माझ्या डोक्यावर सगळ्यात हलकी वळकटी दिली आणि अडकित्ता कमरेला खोचायला लावला. अर्ध्या वाटेवर मागून हाका आल्या. वळून बघितलं तर माणदेशी बायका पदर खोचून वर येत होत्या, आणि त्यांच्या पुढं गजराबाई.

"तुमाला उन्हाचं काय कळतंय?" ती धापा टाकत म्हणाली. "ऊन आमी लहानपणापास्नं खातोय."

सड्यावर वाकळा पसरल्या तेव्हा काळ्या कातळावर सगळं गाव उघडं पडल्यासारखं दिसलं. लाल दोरा सर्जेरावकाकांचा, हिरवा पाटलांचा, पिवळा आमचा. गजराबाईनं लगेच कारभार हातात घेतला. वाकळ नुसती पसरून चालत नाही, ती म्हणाली, खालची बाजू वर करत राहायची, आणि तापली की काठीनं झोडायची, म्हणजे आत मुरलेली ओल बाहेर पडते. आम्ही झोडायला लागलो. आनसाकाकू झोडताना दर काठीला एकेकाचं नाव घेत होती. कुणाचं ते सांगत नाही, त्यातले काही जण अजून हयात आहेत. ज्या वाकळांवर काळे ठिपके पडले होते त्या आत्यानं बाजूला काढल्या आणि ठिपक्यांवर लिंबू-मीठ चोळून पुन्हा उन्हात घातल्या.

ऊन कलायला लागलं तरी वास पुरता गेला नव्हता. गजराबाई वाकळ नाकाशी नेत होती आणि मान हलवत होती. "पातळ झाला. पर हाय."

"आता आमचं बघा," आत्या म्हणाली. तिला केव्हापासून तेच म्हणायचं होतं. कडेच्या झुडपांतून तिनं निरगुडीचा पाला ओरबाडून आणायला लावला, तीन दगडांत शेणी पेटवल्या, त्यावर पाला टाकला आणि घरून पदरात बांधून आणलेला ऊद. धूर उठला. दोघी-दोघींनी वाकळेची टोकं धरून ती धुरावर ताणायची, एक बाजू झाली की दुसरी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. गजराबाई आणि हौसाआत्या समोरासमोर एकाच वाकळेची टोकं धरून उभ्या होत्या आणि दोघी खोकत होत्या.

"तुमचं बी वऱ्हाड परत गेलं हुतं म्हनं," गजराबाई खोकता खोकता म्हणाली. "तुमच्या गावात दुपारीच कळलं मला."

"गेलं हुतं."

"कशावरनं?"

"मानपानावरनं. फेटा बारका दिला म्हून."

"फेट्यावरनं!" गजराबाई म्हणाली. "बांधनाराचं डोस्कंच बारकं आसंल." आणि तिनं वाकळ झटकली.

दिवस मावळता आम्ही खाली आलो. शाळेच्या व्हरांड्यात गजराबाईनं प्रत्येक वाकळ हातात घेऊन हुंगली, बाजारात भाकड म्हैस कोण आपल्या गळ्यात बांधतंय का बघावं तशी. आमच्या बायका तिच्या नाकाकडे बघत होत्या. एक पास, दुसरी पास. अगदी शेवटची तिनं नाकाशी धरली आणि जरा थांबली. लाल दोऱ्याची होती ती, सर्जेरावकाकांच्या घरची. आनसाकाकूचा चेहरा उतरला.

"ही माझ्या आंगावर," गजराबाई म्हणाली आणि तिनं ती बाजूला ठेवली. मला सासरी नांदताना तिचा पुष्कळदा राग आला, पण फार वेळ टिकला नाही, तो त्या एका वाकळेमुळे.

लग्न वेळेवर लागलं. सर्जेरावकाका कुणी न बोलावता सकाळीच जानवसात जाऊन पाहुण्यांना चहा देत होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तात्यांनी सगळं सगळं केलं. माझा हात जयसिंगाच्या हातात दिला, पाहुण्यांना फेटे बांधले, आचाऱ्याची समजूत काढली. फक्त माझ्याशी ते बोलले नाहीत. मी दोनदा मुद्दाम त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा ते बाजूनं गेले. मला वाटत होतं, तो एक शब्द त्यांच्या मनातून जात नाही, मी भावकीसमोर माहेराला नाव ठेवलं, आणि आता मी याच अबोल्यावर सासरी जाणार. गळ्यात मंगळसूत्र होतं, हवा होता तो माणूस शेजारी होता, आणि मला रडू आवरत नव्हतं. बायकांना वाटलं, नवरी आहे, रडणारच.

ट्रक मांडवाशी येऊन उभा राहिला. माझी ट्रंक वर चढवली, मग भांड्यांचं पोतं, मग अंथरुणाची वळकटी. गादी, उशी आणि आत एक वाकळ. ती आत्यानं पावसाळाभर बसून शिवली होती, तात्यांच्या जुन्या धोतरांची आणि वरून त्यांच्या लग्नातल्या केशरी फेट्याची. बांधून ठेवली होती, म्हणून ती सड्यावर गेलीच नव्हती. माणसं मला वाटेला लावायला दाटली होती, तेवढ्यात तात्या पुढं झाले, ट्रकच्या फळीवर पाय देऊन वर वाकले आणि त्यांनी वळकटीची दोरी सोडली. गादी-उशी तशीच ठेवली. वाकळ ओढून काढली आणि काखेत मारली.

"आरं, ती तिची हाय!" आत्या ओरडली.

"ऱ्हाऊ दे हितंच," तात्या म्हणाले. ते आत्याशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच बघत होते. त्यांचे डोळे लाल होते. "तिथं परत कोन सरकलं म्हंजे?"

तेव्हा मला कळलं. मी वास येतो म्हणाले त्याचा राग त्यांच्या मनात उरला नव्हता. बाकावरच्या पोरी माझ्यापासून सरकत होत्या, हे त्यांनी काल मांडवात उभं राहून पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनीच मला तसल्या कापडांत दहिवडीला धाडलं होतं, दर दिवाळीला मी घरी येत होते, त्यांच्या शेजारी तसल्याच वाकळेत निजत होते, आणि एका शब्दानं बोलले नव्हते. ते लाजले होते. माझ्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटत होती, आणि मी तो अबोला समजत होते.

मी त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या काखेतल्या वाकळेचं टोक धरलं.

"तात्या," मी म्हणाले, "वास येतो म्हनलं हुतं मी. नको कवा म्हनलं?"

त्यांनी ती सोडली नाही. मीही सोडली नाही. सगळं गाव बघत होतं, आणि आम्ही बापलेक मांडवाच्या तोंडाशी एका वाकळेची दोन टोकं धरून उभे होतो.

मग तात्यांनी माझ्या हातातलं टोक हळूच काढून घेतलं, वाकळ एकदा झटकून मोकळी केली आणि माझ्या शालूवरून, मुंडावळ्यांवरून, डोक्यापासून खाली अशी गुंडाळली, लहानपणी तापात गुंडाळायचे तशी. हनुवटीखाली दोन्ही कडा एकत्र धरून ते थोडा वेळ उभे राहिले.

"घाटात गार आसतंय," ते म्हणाले. "कान झाक."